रात्री अकराचं कॉपी-पेस्ट बंद करायला गेलो त्याची गोष्ट

ताई पॅकिंग करणार आणि मी कॉपी-पेस्ट करणार, आमच्या ऑनलाइन दुकानात दोन वर्षं कामाची वाटणी एवढीच होती. वह्या, डायऱ्या, पेनं, असलं स्टेशनरीचं दुकान. दिवसाला ३५-४० ऑर्डर. ऐकायला कमी वाटतं, पण रोज रात्री मी लॅपटॉप उघडून बसायचो, ऑर्डर उघड, नाव कॉपी कर, कुरिअरच्या पोर्टलवर पेस्ट कर, पत्ता कॉपी, पेस्ट, फोन, वजन, लेबल डाउनलोड, मग ट्रॅकिंग नंबर परत वेबसाइटवर टाक, मग स्टॉकच्या शीटमध्ये एक वजा कर, की लगेच पुढची ऑर्डर. अकरा वाजायचेच. एका रात्री मी एका बाईंचा पत्ता दुसऱ्याच बाईंच्या नावाखाली चिकटवला आणि दोघींची पार्सलं एकमेकींकडे गेली, तेव्हा ताई म्हणाली, "अरे, तू हे झोपेतच करतोयस. मग मशीनलाच दे ना."

मशीनला द्यायचं म्हणजे मला वाटलं दोन वीकएंडचं काम. आठ महिने गेले.

एक गोष्ट मात्र मी सुरुवातीलाच नीट केली आणि तेवढ्यासाठी स्वतःला शाबासकी देतो. चार दिवस मोबाइलचं स्टॉपवॉच लावून कुठल्या कामाला किती वेळ जातो ते लिहून काढलं. मला ठाम वाटत होतं की सगळ्यात जास्त वेळ बिलं बनवण्यात जातो, कारण त्याचाच सगळ्यात जास्त कंटाळा यायचा. निघालं भलतंच. बिलांना जेमतेम १५ मिनिटं, लेबलांना ऑर्डरमागे अडीच-तीन मिनिटं म्हणजे दिवसाचा दीड-पावणेदोन तास, स्टॉक जुळवायला ४० मिनिटं, आणि "माझी ऑर्डर कुठपर्यंत आली?" या एकाच प्रश्नाला उत्तरं देण्यात दिवसभर सुटासुटा करून जवळजवळ तास. हे मोजलं नसतं तर मी पहिला महिना बिलांवर घालवला असता.

म्हणून सुरुवात ट्रॅकिंगच्या निरोपापासून केली. हे सोपं होतं. झॅपियर, मेक, एन-एट-एन असली टूलं असतात, त्यात "हे घडलं की ते कर" असं जोडत जायचं, कोड लिहावा लागत नाही. ऑर्डरला ट्रॅकिंग नंबर लागला की गिऱ्हाइकाला लिंकसकट निरोप जाणार. एका दुपारीत झालं आणि आठवड्याभरात ते प्रश्न निम्म्याहून कमी झाले. मी हवेत. ताईला म्हटलं बघ, आता महिन्याभरात दुकान आपोआप चालेल, तू फक्त खोक्यांना टेप लाव. ती काही बोलली नाही, आणि ती बोलली नाही की मला समजायला हवं होतं.

मग लेबलं. इथे त्या तयार टूलमध्ये काम भागेना, कारण वजन काढायला थोडं गणित लागत होतं (तीन वह्या एका खोक्यात बसतात, चौथी आली की मोठं खोकं), म्हणून मी स्वतःच एक छोटा प्रोग्राम लिहिला आणि तो वेबहुकला जोडला. वेबहुक म्हणजे दुकानात नवीन ऑर्डर पडली की वेबसाइट स्वतःहून तुमच्या प्रोग्रामचं दार वाजवते आणि निरोप देते, तुम्हाला दर पाच मिनिटांनी जाऊन विचारावं लागत नाही. माझा प्रोग्राम निरोप घ्यायचा, खोकं ठरवायचा, कुरिअरच्या सिस्टिमकडून लेबल मागवायचा, लेबल हातात आलं की मग वेबसाइटला सांगायचा की मिळाला बाबा निरोप. तीन दिवस मस्त चाललं. चौथ्या दिवशी सकाळी ताईने प्रिंटरवरून लेबलांचा गठ्ठा उचलला आणि म्हणाली, "या ४१७ नंबरला दोन पार्सलं जाणारेत का?" एकाच ऑर्डरची दोन लेबलं, दोन वेगळे ट्रॅकिंग नंबर. गठ्ठा चाळला तर अशा सहा ऑर्डरी.

झालं असं होतं की त्या रात्री कुरिअरची सिस्टिम जरा हळू होती, लेबल द्यायला वीस-वीस सेकंद घेत होती. माझा प्रोग्राम लेबलाची वाट बघत गप्प. वेबहुक पाठवणारा काही एवढा वेळ थांबत नाही, त्याला वाटलं निरोप पोचलाच नाही, त्याने परत पाठवला. माझ्या प्रोग्रामला वाटलं नवीन ऑर्डर आली. वेबहुकचा निरोप बहुतेक ठिकाणी किमान एकदा पोचेल असं धरायचं असतं, एकदाच पोचेल असं नाही, हे वाक्य मी आधी वाचलेलं होतं बरं का, पण वाचणं वेगळं आणि सहा फुकटची लेबलं हातात धरणं वेगळं.

दुरुस्ती दोन भागात केली. एक, निरोप आला की आधी तो आहे तसा डेटाबेसच्या टेबलमध्ये लिहून ठेवायचा, लगेच २०० (म्हणजे "मिळालं") असं उत्तर देऊन पाठवणाऱ्याला मोकळं करायचं, आणि लेबलाचं काम मागाहून निवांत करायचं. दोन, लेबल मागवण्याआधी बघायचं की या ऑर्डरचं लेबल आधीच झालंय का. हे दुसरं मी केलं आणि तरी पुढच्या आठवड्यात एक डबल लेबल निघालंच! डोकं धरून बसलो. लॉग, म्हणजे प्रोग्रामची नोंदवही, बघितला तर एकच निरोप एका सेकंदाच्या आत दोनदा आला होता, प्रोग्रामच्या दोन प्रती एकदमच चालू झाल्या, दोघींनी बघितलं "लेबल झालंय का? नाही", आणि दोघींनी बनवलं. दोन माणसांनी एकाच वेळी फ्रिज उघडून बघावं, दूध नाही म्हणावं आणि दोघांनी जाऊन आणावं तसं. शेवटी डेटाबेसच्या टेबलमध्ये ऑर्डर नंबरच्या कॉलमला युनिक लावलं, म्हणजे दुसरी नोंद डेटाबेसच घेत नाही, आणि ज्या प्रतीची नोंद होईल तिनेच लेबल मागवायचं. त्यानंतर आजतागायत डबल लेबल नाही. ही तपासणी प्रोग्रामच्या भरवशावर ठेवूच नका, डेटाबेसला करू द्या, या बाबतीत मी आता जरा हट्टी झालोय.

मधल्या काळात स्प्रेडशीटने छळलं. म्हणजे चूक माझीच, मी सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकुराची फाइल) डबल क्लिक करून उघडायचो, दोन ओळी दुरुस्त करायचो आणि सेव्ह करायचो. आमच्या मार्जिनवाल्या वह्यांचा कोड एमएआर-०५ असा होता, त्याची झाली ५ मार्च. ००७४ कोडाचं पेन झालं ७४. हे तरी दिसतं लगेच. न दिसणारं म्हणजे ट्रॅकिंग नंबर. आमच्या कुरिअरचा नंबर १८ आकडी, आणि स्प्रेडशीट आकड्यातले पहिले १५ अंकच खरे धरते, पुढे शून्यं भरते. त्यामुळे एका दिवसाच्या सगळ्या गिऱ्हाइकांना शेवटी ००० असलेले ट्रॅकिंग नंबर गेले, आणि एकही चालेना, आणि जो "कुठपर्यंत आली" प्रश्न मी मोठ्या दिमाखात संपवला होता तो एका दिवसात व्याजासकट परत आला. तेव्हापासून आमच्याकडे नियम, ज्या नंबरची बेरीज-वजाबाकी करायची नाही तो नंबर आकडा नव्हे, मजकूर. कॉलम आधी टेक्स्ट करायचा, मगच फाइल आत घ्यायची. (तारखेचं दुखणं फक्त आमचं नाही हे कळल्यावर जरा बरं वाटलं. एक्सेल मार्च१ या जनुकाच्या नावाची तारीख करून टाकायचं, म्हणून २०२० मध्ये मानवी जनुकांना नावं देणाऱ्या समितीने ते नाव बदलून मार्चएफ१ केलं. शास्त्रज्ञ हरले तिथे मी कोण.)

स्टॉकचं काम मला वाटलं त्याहून अवघड निघालं. माल आमचा दोन ठिकाणी विकला जातो, स्वतःच्या वेबसाइटवर आणि एका मोठ्या मार्केटप्लेसवर, आणि ताईची एक शीट, जिच्यावर तिचा देवापेक्षा जास्त विश्वास. मी काय केलं, वेबसाइटवर स्टॉक बदलला की शीट बदलायची, शीट बदलली की वेबसाइट बदलायची. दोन्ही बाजूंनी रस्ता. एका रात्री वेबसाइटवर एक डायरी विकली गेली, वेबसाइटने शीटला सांगितलं, शीट बदलली म्हणून शीटने वेबसाइटला सांगितलं, वेबसाइट बदलली म्हणून तिने परत शीटला सांगितलं, आणि या दोघींच्या रात्रभर गप्पा चालल्या. सकाळी उठून बघतो तर त्या टूलचा अख्ख्या महिन्याचा कोटा संपलेला. अशा टूलमध्ये प्रत्येक पायरी मोजली जाते, एका डायरीपायी हजारो पायऱ्या झाल्या होत्या.

त्यानंतर ठरवलं की खरा आकडा एकाच ठिकाणी राहील, बाकी सगळीकडे फक्त त्याची नक्कल. ताईच्या शीटला नुसतं वाचायचं केलं. यावर घरात दोन दिवस वाद. तिचं म्हणणं, "वही डागाळली, कोपरा दुमडला तर मी कमी कुठे करायची?" आणि तिचं बरोबर होतं, कारण मी विक्री तेवढी धरली होती, खराब झालेला माल, परत आलेला माल, नमुना म्हणून कुणाला दिलेला माल, हे सगळं ती इतके दिवस शीटमध्ये गुपचूप दुरुस्त करत होती आणि मला पत्ताच नव्हता. मग तिच्यासाठी एक छोटा फॉर्म केला, कोड, किती कमी-जास्त, आणि का. आणखी एक बारीक गोष्ट, स्टॉक "१२ कर" असं कधी सांगायचं नाही, "एक कमी कर" असं सांगायचं. कारण "१२ कर" हा निरोप उशिरा पोचला आणि मधे दोन विकल्या गेल्या तर त्या दोन परत जिवंत होतात. तरीही दोन ठिकाणी एकाच मिनिटाला शेवटची वही विकली जाऊ शकते, त्यावर माझ्याकडे हुशार उपाय नाही, मार्केटप्लेसवर आम्ही नेहमी दोन नग कमी दाखवतो, झालं.

वेळेचं एक पटकन सांगतो. क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी काम आपोआप चालू करणाऱ्या सोयीत, रात्री १२ ची वेळ लावली, सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे, त्यामुळे "आजचा रिपोर्ट" भलत्याच वेळी आणि अर्धवट. जो पहिल्यांदा क्रॉन लावतो तो या खड्ड्यात पडतोच, पडा आणि उठा.

पैसे न आलेल्या ऑर्डर रद्द करणं, हे मला सगळ्यात सोपं वाटलं होतं. २४ तासात पेमेंट नाही तर ऑर्डर रद्द आणि माल परत स्टॉकात. दोन ओळींचा नियम. लावल्याच्या तिसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाचा मेल, पैसे तर कापले गेलेत आणि तुम्ही ऑर्डर रद्द केलीत, हा काय प्रकार. बरोबर होतं त्यांचं. पेमेंट पेंडिंगमध्ये अडकलं होतं, दुसऱ्या दिवशी पोचलं, पण पोचल्याचा वेबहुक आमच्याकडे आलाच नाही, कारण नेमका तेव्हा माझा सर्व्हर बंद होता. हाताने करायचो तेव्हा काय करायचो मी? रद्दचं बटण दाबण्याआधी पेमेंटच्या डॅशबोर्डवर एक नजर टाकायचो. इतकं सवयीचं की ते "काम" आहे हेच माझ्या यादीत आलं नव्हतं. स्टॉपवॉचमध्येही नाही, पाच सेकंदांचं तर काम. आता प्रोग्राम रद्द करण्याआधी पेमेंट गेटवेला (गिऱ्हाइकाकडून पैसे घेऊन आम्हाला देणारी सेवा) स्वतः जाऊन विचारतो, आणि "पेंडिंग" असं उत्तर आलं तर हात लावत नाही, मला निरोप टाकतो.

असंच रिव्ह्यूच्या मेलचं. पाठवल्यापासून सात दिवसांनी "आवडलं का, दोन शब्द लिहाल का" असा गोड मेल जायचा. एका माणसाला आमच्याकडून फाटलेली डायरी गेली, त्याने फोटोसकट तक्रार केली, ताईने माफी मागितली, बदली डायरी पाठवते म्हणाली, आणि त्याच संध्याकाळी आमच्या ऑटोमेशनने त्याला विचारलं, आवडलं का. त्याने दोन शब्द लिहिले. ते इथे लिहिता येणार नाहीत. आता मोजणी पाठवल्याच्या नव्हे, पोचल्याच्या तारखेपासून होते, आणि त्या नावावर उघडी तक्रार किंवा रिटर्न असेल तर मेल जातच नाही.

पण मी खरा घाबरलो तो वेगळ्याच दिवशी, आणि त्या दिवशी एकही एरर नव्हती. एका शनिवारी लेबलं निघाली नाहीत. ताईला वाटलं ऑर्डर नसतील, सुट्टीचा दिवस आहे. रविवारीही नाहीत. मला वाटलं ताईने काढली असतील. सोमवारी तिने विचारलं, "दोन दिवस एकही ऑर्डर नाही, असं कधी झालंय का रे?" कुरिअरच्या सिस्टिमची चावी, म्हणजे टोकन, शुक्रवारी रात्री एक्सपायर झालं होतं, प्रोग्राम प्रत्येक ऑर्डरला नकार ऐकून गपचूप पुढे जात होता, कारण मीच लिहून ठेवलं होतं की एरर आली तर सोडून दे आणि पुढची घे. ६८ ऑर्डरी अडकलेल्या. हाताने करत असतो तर पहिल्याच ऑर्डरला कळलं असतं, शिव्या देत पासवर्ड बदलला असता, दहा मिनिटांचं काम.

त्या सोमवारी रात्री एक वाजेपर्यंत दोघं लेबलं काढत बसलो, जुन्या पद्धतीने, कॉपी आणि पेस्ट.

एरर आली की मेल पाठव हे मी लगेच लावलं, पण अख्खा सर्व्हरच बंद पडला तर मेल पाठवणार कोण? म्हणून उलटं केलं. रोज संध्याकाळी सातला दोघांच्या फोनवर एक ओळ येते, "आज ३७ ऑर्डर, ३५ लेबलं, २ थांबलेल्या." सगळं ठीक असलं तरी येते. आणि ती आली नाही, तोच अलार्म. रेल्वेच्या ड्रायव्हरला एक दांडा दाबून धरावा लागायचा आणि हात सुटला की ब्रेक लागायचा, त्यातलीच ही कल्पना. याचं निरीक्षण करणारी सेवा मुद्दाम दुसऱ्या सर्व्हरवर ठेवलीय, एकाच जागी ठेवली तर पहारेकरी आणि ज्याच्यावर पहारा तो, दोघं एकदमच झोपायचे. शिवाय टोकनची तारीख कॅलेंडरात, १५ दिवस आधीची आठवण लावून. ताई संध्याकाळची ती ओळ बिलकुल चुकवत नाही, सातला पाच मिनिटं झाली की मला हाक येते, "आलं नाही रे अजून."

आता हिशोब विचाराल तर रोजचे साडेतीन-पावणेचार तास होते ते पाऊण तासावर आलेत. पाऊण तासात काय असतं, तर त्या "थांबलेल्या" ऑर्डरी. ही यादी हळूहळू तयार होत गेली, प्रत्येक गोंधळानंतर एक नियम वाढला. पत्त्यात घरनंबरच नाही, थांब. एकाच माणसाच्या दहा मिनिटात दोन सारख्या ऑर्डरी, थांब, बहुतेक चुकून दोनदा दाबलंय. नेहमीपेक्षा पाचपट मोठी ऑर्डर, थांब. सुरुवातीला यात दिवसाला १०-१२ ऑर्डरी पडायच्या आणि मला वाटायचं हे अपयश आहे, ऑटोमेशन म्हणजे शून्य थांबायला हवं. एकदा तर मी नियम सैल करायला बसलो होतो, ताईने अडवलं. म्हणाली, "यातल्या आठ ऑर्डरी आपण चुकीच्या पाठवल्या असत्या, त्या परत मागवायला किती वेळ गेला असता ते मोज की तुझ्या त्या घड्याळाने." मोजलं. नियम आहेत तसेच ठेवले.

सगळ्यात शेवटी आला तो नियम साधा आहे, गिऱ्हाइकाने शेऱ्याच्या रकान्यात काहीही लिहिलं असेल तर थांब. माझ्या प्रोग्रामने हा रकाना तीन महिने वाचलाच नव्हता. लेबलावर त्याला जागाच नाही, मग प्रोग्राम तरी कुठे नेणार. "दहा तारखेनंतर पाठवा, तोवर घरी नाही", "भेट आहे, बिल आत घालू नका", असं लोक लिहीत होते आणि आम्ही बिलासकट, नऊ तारखेला पोचवत होतो. कुणीतरी सुचवलं की एआयला वाचायला लावा शेरे, तो समजून घेईल. एक आठवडा लावून बघितलं, वाचतो बऱ्यापैकी, कुठला शेरा तारखेचा आणि कुठला बिलाचा ते वेगळं करतो, तेवढ्यापुरतं ठेवलंय. पण पुढे काय करायचं हे ताई ठरवते.

आज सकाळी यादीत चार होत्या. तीन तिने चहा संपायच्या आत सोडल्या. चौथीत लिहिलं होतं, "बेल वाजवू नका, बाळ झोपलेलं असतं." लेबलावर हे कुठे टाकायचं याचा मी विचार करत होतो, तोवर तिने लेबल प्रिंट करून खोक्यावर चिकटवलं होतं आणि जाड मार्करने वर लिहिलं होतं, "हळू वाजवा. बाळ आहे."